त्वचेवर रोखलेले तीन कॅमेरे

मेंदूत तीन सेंटिमीटर व्यासाची एक गोल गाठ आहे असं समजा. तिचं घनफळ भरतं साधारण १४ घन सेंटिमीटर. किरणांनी ही गाठ नष्ट करायची, तर नेमक्या तेवढ्याच गोळ्यावर किरण सोडून भागत नाही. रुग्ण रोज टेबलावर झोपताना केसभर का होईना इकडेतिकडे होतो, श्वास घेतो, आवंढा गिळतो, अवघडला की नकळत खांदा सैल सोडतो. म्हणून डॉक्टर गाठीभोवती सुरक्षिततेची एक कड धरतात. ही कड पाच मिलिमीटरची धरली, तर गोळ्याचा व्यास होतो चार सेंटिमीटर आणि घनफळ जातं ३३ घन सेंटिमीटरच्या वर. म्हणजे किरणांचा पूर्ण मारा ज्याच्यावर होणार, त्यातला निम्म्याहून अधिक भाग गाठीचा नाहीच; रुग्ण हलेल या भीतीपोटी तो आत ओढला गेला आहे. कड तीन मिलिमीटरवर आणता आली तर घनफळ २४ वर येतं. दोन मिलिमीटरच्या बदल्यात नऊ घन सेंटिमीटर मेंदू वाचला.

किरणोपचारातली बरीचशी यंत्रसामग्री या असल्या दोन-दोन मिलिमीटरसाठी झगडत असते. रुग्णाच्या शरीराला हातही न लावता नुसत्या प्रकाशाने त्याची हालचाल मोजणारे कॅमेरे हा त्या झगड्यातला अलीकडचा भिडू. इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत ते आता रोजच्या वापरात आहेत आणि भारतातल्या मोठ्या शहरांतही दिसू लागले आहेत.

रुग्णाला नेमक्या जागेवर ठेवण्याच्या जुन्या तऱ्हा दोन: एक म्हणजे त्याला धरून ठेवायचं, दुसरी म्हणजे त्याच्यावर खूण करायची. धरून ठेवण्याची सर्वांत कडक तऱ्हा स्टॉकहोमचे मेंदुशल्यविशारद लार्स लेक्सेल यांची. रेडिओसर्जरीची, म्हणजे चाकूऐवजी किरणांनी शस्त्रक्रिया करण्याची कल्पना त्यांनी १९५१ मध्ये मांडली. धातूची एक चौकट रुग्णाच्या कवटीला स्क्रूने घट्ट बसवायची आणि त्या चौकटीच्या हिशोबाने किरणांचा नेम धरायचा. अचूकतेत तिला तोड नाही, पण भूल देऊन डोक्यात स्क्रू पिळणं हा काही रोज उठून करण्याचा प्रकार नव्हे. नेहमीच्या उपचाराला मास्क वापरतात. मोल्ड रूममध्ये प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात, ओढून चेहऱ्यावर बसवतात आणि काही मिनिटांत ती त्या चेहऱ्याच्या आकाराची होऊन घट्ट होते. पुढे रोज हाच मास्क चेहऱ्यावर ठेवून टेबलाला खटाखट अडकवला जातो. बंद जागेची भीती वाटणाऱ्या माणसाला ही मिनिटं किती जड जातात, हे मास्क लावून घेतलेल्यांनाच ठाऊक.

छाती-पोटाला असा मास्क जमत नाही, म्हणून तिथे खुणा. त्वचेवर शाईचे तीन बारीक ठिपके गोंदतात किंवा पेनने फुल्या काढतात. खोलीच्या भिंतींतून आणि छतातून येणाऱ्या लेझरच्या रेषा या खुणांवर आल्या, की रुग्ण जागेवर आला असं धरतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पेनच्याच खुणा असतात. 'आंघोळ करा, पण त्या भागाला साबण लावू नका, खूण पुसू देऊ नका' ही सूचना किरणांचा शेक घेणाऱ्या प्रत्येक घरात पाठ झालेली असते. गोंदलेले ठिपके पुसले जात नाहीत, आणि तीच काहींची तक्रार असते. आजीच्या हातावरचं गोंदण तिने हौसेने काढून घेतलेलं असतं. हे मात्र आजाराचं गोंदण, आंघोळीच्या वेळी रोज नजरेला पडणारं.

ठिपक्यांची खरी अडचण वेगळीच आहे. तीन ठिपके फक्त तीन जागांबद्दल बोलतात. ते लेझरखाली बरोब्बर आले, तरी हनुवटी कालच्यापेक्षा वर असू शकते, डोक्यावर घेतलेला हात निराळ्या कोनात असू शकतो, पाठ किंचित वळलेली असू शकते. शिवाय त्वचा स्नायूंवरून सरकते, विशेषतः वजन उतरलेल्या माणसाची. यावर उपाय म्हणून यंत्रावरच सीटी स्कॅन काढायची सोय आली. तिने हाडं, अवयव, कधीकधी गाठही दिसते आणि टेबल हलवून चूक दुरुस्त करता येते. पण तो एका क्षणाचा फोटो. तो काढायला पुन्हा क्ष-किरण लागतात, म्हणून सतत काढत बसता येत नाही. फोटो झाला, तंत्रज्ञ बाहेर आले, दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींमागचं जाडजूड दार बंद झालं, यंत्र सुरू झालं, की आत रुग्ण एकटा. बाहेर सीसीटीव्हीवर तो दिसतो, पण चार मिलिमीटरची हालचाल सीसीटीव्हीवर कुणाला दिसणार?

इथे छतावरचे कॅमेरे उपयोगी पडतात. साधा प्रकाश शरीराला अपाय करत नाही, त्यामुळे तो उपचार संपेपर्यंत सुरू ठेवता येतो.

दोन डोळ्यांनी खोली कळते, हे तत्त्व जुनं आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दाखवून दिलं की दोन डोळ्यांना मिळणाऱ्या किंचित वेगळ्या चित्रांतून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. दोन कॅमेऱ्यांतलं अंतर आणि त्यांचे कोन माहीत असतील, तर दोन्ही चित्रांत दिसणाऱ्या एकाच बिंदूची अवकाशातली जागा साध्या त्रिकोणमितीने निघते. अडचण 'एकाच बिंदू'ची आहे. डाव्या चित्रातला हा बिंदू म्हणजे उजव्या चित्रातला नेमका कोणता? नाकाचा शेंडा असेल तर सापडतो. पण छातीची किंवा पोटाची त्वचा म्हणजे नुकतीच चुना मारलेली भिंत. जिथे पाहावं तिथे सारखीच. संगणकाला धरायला काही नसतं.

यातली मेख १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बेला युलेस यांच्या कामातून स्पष्ट झाली होती. त्यांनी संगणकाकडून निव्वळ यादृच्छिक ठिपक्यांची दोन चित्रं काढून घेतली. एकेक चित्र पाहिलं तर त्यात काहीही नाही, नुसता गोंगाट. पण दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवली, की मधला चौकोन कागदाच्या वर तरंगताना दिसतो. अर्थात, मेंदूला जोड्या जुळवायला ओळखीच्या वस्तू लागत नाहीत. ठिपक्यांची रचना जागोजागी वेगळी असली की पुरे. आजच्या यंत्रणा हीच गोष्ट त्वचेवर करतात. लंडनच्या व्हिजन आरटी या २००१ मध्ये सुरू झालेल्या कंपनीची अलाइन आरटी ही यंत्रणा रुग्णाच्या अंगावर लाल प्रकाशातली ठिपक्यांची विस्कळीत नक्षी टाकते. त्वचेवरचा प्रत्येक छोटा तुकडा आता आपली वेगळी सही घेऊन बसतो आणि दोन कॅमेऱ्यांतल्या जोड्या झटपट जुळतात. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या सी-रॅड कंपनीची कॅटलिस्ट मोजणीसाठी जांभळट प्रकाश वापरते, आणि एक छान गोष्ट करते. शरीराचा जो भाग चुकीच्या जागी आहे, त्याच्यावरच ती रंगीत प्रकाश टाकून दाखवते. तंत्रज्ञाला पडद्याकडे मान वळवावी लागत नाही. रुग्णाचा कोपर लाल दिसला की कोपर हलवायचा.

अलाइन आरटीसारख्या यंत्रणेत कॅमेऱ्यांचे असे तीन संच असतात: एक टेबलाच्या पायथ्याच्या बाजूला मध्यावर, दोन डाव्या-उजव्या अंगाला. तीन का, तर किरण देणारं यंत्र रुग्णाभोवती फिरताना एखाद्या कॅमेऱ्याच्या आड येतंच. तेव्हा बाकीचे दोन नजर ठेवतात. हजारो बिंदूंचं एक जाळं सेकंदाला अनेकदा तयार होत राहतं. नियोजनाच्या सीटी स्कॅनमधून रुग्णाच्या शरीराची बाहेरची कड आधीच काढून ठेवलेली असते. संगणक आत्ताचं जाळं त्या मूळ आकारावर सरकवून, फिरवून पाहतो आणि दोहोंतली फट कमीत कमी कुठे होते ते शोधतो. हाती येतात सहा आकडे: वर-खाली, डोक्याकडे-पायाकडे, डावीकडे-उजवीकडे किती सरकलं, आणि तीन अक्षांभोवती किती फिरलं. हे फिरणं लोक हलक्यात घेतात. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आसापासून दहा सेंटिमीटर दूर असलेल्या जागी तोच एक अंश पावणेदोन मिलिमीटर होतो.

पडद्यावर हे आकडे जिवंत हलत असतात. मर्यादा आधी ठरलेली: स्तनाच्या उपचाराला साधारण तीन मिलिमीटर, मेंदूच्या एकाच मोठ्या मात्रेच्या उपचाराला एक. मर्यादा ओलांडली की आकडा लाल होतो आणि यंत्राशी जोडणी केलेली असेल तर किरण आपोआप थांबतात. रुग्ण खोकला, किरण थांबले, तो पुन्हा जागेवर आला, किरण सुरू. बाहेर बसलेल्या तंत्रज्ञाला बटण दाबायची घाई करावी लागत नाही.

या सगळ्याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो डाव्या स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना. डाव्या छातीच्या भिंतीला लागूनच हृदय असतं आणि त्याच्या पुढच्या अंगावरून एक महत्त्वाची रक्तवाहिनी खाली उतरते. स्तनावर तिरपे टाकलेले किरण या भागाला चाटून जातात. त्याची किंमत काय, ते ऑक्सफर्डच्या सेरा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या, १९५८ ते २००१ या काळात किरणोपचार घेतलेल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत दर एका ग्रेमागे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. अमुक मात्रेखाली धोका नाही, अशी पातळी काही सापडली नाही. पहिल्या पाच वर्षांतच वाढ सुरू होते आणि वीस वर्षांनंतरही ती थांबत नाही. चाळिशीतली बाई कर्करोगातून बरी होते आणि साठीला हृदयविकाराने गाठली जाते, असा हा हिशोब.

यावरचा उपाय ऐकायला फारच साधा आहे: खोल श्वास घ्या आणि धरून ठेवा. फुफ्फुसं फुगतात, श्वासपटल खाली जातं, त्याच्याबरोबर हृदय खाली आणि मागे ओढलं जातं, छातीची भिंत पुढे येते. मध्ये हवेने भरलेलं फुफ्फुस येतं आणि किरणांच्या वाटेतून हृदय बहुतेकींच्या बाबतीत बाजूला होतं. एका वेळी वीसेक सेकंद श्वास धरायचा, तेवढ्यात किरण सोडायचे, मग मोकळं सोडायचं, पुन्हा धरायचा. प्राणायाम केलेल्या बायकांना कुंभक परका नसतो आणि त्या हौसेने भरभरून श्वास घेतात. पण इथे मोठा श्वास उपयोगाचा नाही, काल होता तेवढाच श्वास हवा. नियोजनाच्या सीटीच्या दिवशी छाती बारा मिलिमीटर उचलली असेल, तर रोज बाराच. सोळा झाली तरी ती चूकच.

मग छाती किती उचलली ते कळणार कसं? आधीच्या पद्धतीत पोटावर प्लास्टिकची एक छोटी डबी ठेवत. तिच्यावरचे चमकदार ठिपके अवरक्त कॅमेरा पाहायचा आणि डबी वर-खाली झाली की श्वासाचा आलेख निघायचा. स्वस्त, सोपी आणि अजूनही अनेक ठिकाणी चांगली चालणारी पद्धत. पण डबी एकाच जागेचं सांगते. काही जणी पोटाने श्वास घेतात. डबी वर जाते, छाती हलतच नाही. काही जणींना समोर दिसणारी पट्टी हिरव्या चौकटीत आणायची इतकी घाई असते, की त्या नकळत पाठीची कमान करतात. डबी वर गेली, पट्टी हिरवी झाली, फुफ्फुस मात्र भरलंच नाही आणि हृदय जागच्या जागी. संपूर्ण छातीचा पृष्ठभाग पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ही कमान लगेच कळते, कारण छाती नुसती वर उचलली जात नाही, तर पायांच्या किंवा डोक्याच्या दिशेने कलते. तो आकडा लाल होतो. मला या तंत्रातली सर्वांत पटणारी गोष्ट ही वाटते. रुग्णाने प्रामाणिकपणे केलेली चूक ते ओळखतं.

इंटरकॉमवरून येणारं 'श्वास घ्या... धरा... सोडा' हे रुग्णाच्या भाषेत आणि ओळखीच्या आवाजात आलं तर निम्मं काम होतं. यंत्र विकत घेताना या गोष्टीचा विचार होतोच असं नाही.

डोक्याच्या उपचारात कॅमेऱ्यांमुळे मास्कला खिडकी मिळाली. कपाळ, नाक आणि गालांची हाडं उघडी राहतील असा मास्क करतात आणि संगणकाला सांगतात, फक्त एवढ्याच भागाकडे पाहा. कोणता भाग निवडायचा यात कसब आहे. ओठ आणि जबडा घेतला तर रुग्णाने आवंढा गिळला तरी धोक्याची सूचना येते. भुवया घेतल्या तर कपाळाला आठी पडली तरी. हाडावर घट्ट बसलेली, भाव न दाखवणारी त्वचा हवी. दुसरा फायदा टेबल फिरवताना होतो. मेंदूच्या उपचारात किरण वेगवेगळ्या बाजूंनी यावेत म्हणून टेबल आडवं वळवतात. त्या स्थितीत रुग्णाभोवती फिरून घ्यायचा सीटी काढता येत नाही, टेबलाशी टक्कर होईल. कॅमेऱ्याला ती अडचण नाही.

एवढं वाचून हे तंत्र सर्वगुणसंपन्न वाटेल, म्हणून दुसरी बाजू. कॅमेरा पाहतो त्वचा आणि आजार असतो आत. या दोघांचं नातं जिथे पक्कं, तिथेच कॅमेऱ्याची साक्ष ग्राह्य. कवटीवरची त्वचा आणि मेंदू यांचं नातं पक्कं आहे. स्तन तर स्वतःच पृष्ठभागाला लागून आहे. प्रोस्टेटचं काय? ती ग्रंथी मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये बसलेली. मूत्राशय भरलं, गुदाशयात वायू साठला, की ती मिलिमीटरांत सरकते आणि ओटीपोटाच्या त्वचेला त्याची वार्ताही नसते. पडद्यावर सहाही आकडे हिरवे आणि नेम चुकलेला. अशा जागी आतून पाहणारं क्ष-किरण चित्र टाळून नुसत्या कॅमेऱ्यावर विसंबणं म्हणजे फसगत. स्थूल पोट हीसुद्धा अशीच जागा.

त्वचाही तशीच राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर स्तनात साठलेलं पाणी उतरतं, किरणांनी सूज येते, मेंदूच्या रुग्णांना स्टेरॉइड द्यावं लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत चेहरा गोल होतो. संगणक बिचारा आजच्या चेहऱ्याला जुन्या चेहऱ्यावर बसवू पाहतो आणि फट भरून काढायला डोकंच सरकलं आहे असं सांगतो. अशा वेळी तुलनेसाठी नवा आकार टिपून घ्यायची सोय असते, आणि माझ्या मते याच सोयीत मोठा धोका आहे. सीटीने खात्री न करता नवा आकार टिपला आणि तो मुळात चुकीच्या जागेचा असला, तर पुढचे सगळे दिवस यंत्रणा तीच चूक बरोबर म्हणून दाखवत राहील. नेदरलँड्समधले भौतिकतज्ज्ञ मार्सेल व्हॅन हर्क यांनी २००० मध्ये सहकाऱ्यांसह सुरक्षिततेच्या कडेसाठी एक सूत्र दिलं, ते जगभर वापरलं जातं. रोज वेगवेगळ्या दिशेने होणारी चूक त्यात ०.७ ने गुणतात. दररोज एकाच दिशेने होणारी चूक २.५ ने. म्हणजे रोजचं डगमगणं परवडलं, पण एकदा चुकून कायम झालेली चूक साडेतीन पट महाग.

कॅमेऱ्यांचं स्वतःचंही बघावं लागतं. सुरू केल्यावर तापेपर्यंत त्यांचे आकडे किंचित सरकत राहतात, म्हणून ते आधीच चालू करून ठेवतात. सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी भौतिकतज्ज्ञ किंवा तंत्रज्ञ ठिपक्यांची पाटी टेबलावर ठेवून कॅमेरे जागचे हलले नाहीत ना, हे तपासतात. छतातल्या एसीचं काम करणाऱ्याचा साधा धक्काही पुरतो. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०२२ मध्ये या यंत्रणांसाठी सविस्तर अहवाल काढला, त्याच वर्षी युरोपातल्या संघटनेची मार्गदर्शक सूचनाही आली. त्याआधीही यंत्रणा विकल्या जात होत्याच.

सावळ्या त्वचेचा मुद्दा आपल्या अगदी जवळचा. गडद त्वचा प्रकाश जास्त शोषते, कॅमेऱ्याला परत कमी मिळतो आणि जाळ्यात भोकं पडतात. उपाय आहे: प्रत्येक रुग्णासाठी कॅमेऱ्याचा उघडा राहण्याचा वेळ वाढवायचा. पण तो वाढवला की सेकंदाला मिळणारी चित्रं कमी होतात. तेल लावून चकचकीत झालेली त्वचा उलट तक्रार करते, तिथून प्रकाश आरशासारखा उसळतो. गळ्यातली पोत, मंगळसूत्र, काळा दोरा हे सगळं काढून ठेवावं लागतं, आणि कापडाच्या घड्या कॅमेऱ्याला चालत नसल्याने उपचाराचा भाग पूर्ण उघडा लागतो. आधीच संकोचलेल्या बाईला वर तीन कॅमेरे दिसले तर तिच्या मनात काय येईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. तिथे काय टिपलं जातं (पडद्यावर करड्या जाळ्याचा आकार दिसतो), तो आकार कोण पाहतं आणि तो कुठे साठवला जातो, हे तिला पहिल्याच दिवशी पडद्यासमोर नेऊन दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे खर्चाचा प्रश्न येतोच. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं यंत्र आजही देशात अनेक ठिकाणी काम करतं आहे, आणि मोठ्या सरकारी, धर्मादाय रुग्णालयांत लिनॅकसाठी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या आधुनिक किरणयंत्रासाठी रांगा असतात. रांगेतल्या माणसाला दोन मिलिमीटरपेक्षा दोन आठवडे लवकर नंबर लागणं मोलाचं. त्यामुळे चांगली मोल्ड रूम, पुरेसे भौतिकतज्ज्ञ आणि यंत्रावरचा सीटी यांच्या आधी या कॅमेऱ्यांवर पैसे घालू नयेत असं माझं मत. पण भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे, आणि आपल्याकडे तो तुलनेने तरुण वयात गाठतो. पुढे तीस-चाळीस वर्षं आयुष्य असलेल्या बाईचं हृदय वाचवायला श्वास धरण्याची सोय मात्र हवीच, मग ती कॅमेऱ्याने होवो की पोटावरच्या डबीने.

दरम्यान, कॅमेऱ्यांची आणखी एक जात पुढे येते आहे. आत्तापर्यंतचे कॅमेरे शरीर कुठे आहे ते सांगतात. किरण शरीरावर नेमके कुठे पडले, ते त्यांना दिसत नाही. पण जोरदार किरण ऊतींत शिरले की तिथे वेगाने निघालेल्या इलेक्ट्रॉन्समुळे अत्यंत मंद निळसर प्रकाश फुटतो. पावेल चेरेंकोव यांनी १९३४ मध्ये नोंदवलेला आणि १९५८ चं नोबेल मिळवून देणारा हाच तो प्रकाश. अणुभट्टीच्या पाण्यात तो डोळ्यांनी दिसतो. अमेरिकेतल्या डार्टमथ इथल्या गटाने अतिसंवेदनशील कॅमेरे किरणांच्या स्पंदांशी जुळवून तो रुग्णाच्या त्वचेवर टिपला. हनुवटी किंवा दुसरा स्तन चुकून किरणांच्या वाटेत आला, तर तो भाग पडद्यावर उजळलेला दिसतो. किरण किती पडले हे त्या उजेडावरून मोजायचं म्हटलं, तर मात्र पुन्हा त्वचेचा रंग आडवा येतो: सावळ्या त्वचेतून हा प्रकाशही कमीच बाहेर पडतो, आणि त्याची दुरुस्ती कशी करायची यावर सध्या काम चालू आहे.